लोणा

तळमजल्यावर, मीटरच्या खोलीबाहेर,
भिंतीला लोणा लागला आहे.
सोसायटीने नोटीस डकवली:
ओल आहे, बिल्डरला कळवले आहे, कुणी खरवडू नये.
बापाने खरवडला. नखाने.
जिभेवर ठेवून डोळे मिटले
आणि चौदाव्या मजल्यापर्यंत लिफ्टमध्ये
एक शब्द बोलला नाही.

जोमा हिराजी, वय एक्क्याऐंशी,
कागदावर शहात्तर.
शिलोत्र्याचा मेहता काचेची नळी बुडवून
आकडा वाचेपर्यंत
बापाने बोट बुडवून चाटलेलं असायचं.
"दोन दिसान दाना परल."
आणि पडायचा.
पायाखाली काच फुटावी तसा करकरायचा.
आम्ही पोरं अनवाणी वाफ्यात उतरायचो.
आई बांधावरून ओरडायची,
रडायचं तर भायेर जाऊन रडा,
पानी बिघडल.

आता सांगतो ते बापाला ठाऊक असेल,
नसेलही. आमच्यात त्यावर बोलणं झालेलं नाही.

ज्या वर्षी उघाडीच्या तोंडाशी
कुणीतरी रात्रीत माती टाकली
आणि उधाणाचं पाणी आत येईनासं झालं,
त्या वर्षी मी डंपरवर लागलो.
फेरीला साडेतीनशे. रात्री दीड ते पहाटे पाच.
दिवे मालवून हायवेवरून बांधावर उतरायचं,
मागचा हौदा उचलायचा, आरशात बघायचं नाही.
तरी दिसायचं.
दादरच्या कुठल्याशा चाळीचा जिना,
मोरीच्या निळ्या फरशा,
हळदीकुंकवासकट एक उंबरठा,
आणि "य. ग. टिपणीस, बेल दोनदा वाजवा" अशी पाटी.
ती पाटी मी काढून घेतली. का, माहीत नाही.
अजून कपाटामागे आहे.

सातवा वाफा बापाचा होता.
तो मी दुसऱ्याला भरायला सांगितला.
सांगितलं, एवढंच.
थांबवलं नाही.

मी असा हळवा झालो की रजनी,
माझी बहीण, फोनवरून झापते.
पाठ सोलायची ते विसरलास?
मेहता मापात मारायचा ते?
भर दुपारी सावलीला एक झुडूप नव्हतं,
पोटुशी आई खाजणात आडोसा शोधत जायची.
विसरलो नाही.
रजनीची नर्सिंगची फी डंपरनेच भरली,
हे ती विसरली आहे, आणि तेच बरं.

आम्ही पात्र ठरलो.
तीनशे चौरस फूट, लिफ्ट दोन, चालते एक.
शेजारी कोण, ते दारातल्या चपलांवरून ओळखतो.
भांडुपच्या या टोकाला
आता मी रात्रपाळीचा वॉचमन आहे.
आत माणसं नाहीत, नुसती यंत्रं;
त्यांना गार ठेवायला इतकी वीज लागते
की बाहेर माझ्या खुर्चीलाही कापरं भरतं.
बाप विचारतो, ती काय पिकवतात?
मला सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात टँकर आला नाही,
कमिटीने बोअरचं पाणी सोडलं.
बायका ओरडल्या, डाळ शिजेना.
बापाने घोट घेतला, थुंकला नाही.
"यो आपला पानी हाय."
मग एका स्टीलच्या ताटात ओतून
खिडकीच्या जाळीत ठेवलं,
आणि खालच्या मजल्याची तक्रार येईस्तोवर
तिथेच बसून राहिला, टॉवरच्या फटीतून
दिवसाला दीड तास मिळणारं ऊन राखत.

दोन दिवसांत नाही, पाच दिवसांत
ताटाच्या कडेला पांढरी रेघ आली.
रात्रपाळीहून आलो तर ताट पुढ्यात.
"चाट. कितवा वाफा, सांग."

मी जीभ लावली.
बराच वेळ घेतला.
सातवा, म्हटलं.

"नाय रं," तो म्हणाला,
"सातव्याला आता चुन्याची चव हाय."
आणि ताट घेऊन
मोरीत धुवायला गेला.