ताशी दर

मालकांनी तक्ता आखून दिला होता, सात रकान्यांचा.
बंगळूर, पुणे, आणि खाली पेन्सिलीनं: बेळगाव.
'जवळचं बघ. सकाळी जाऊन रात्री परत येता येईल असं.'
ह्या धंद्यात त्याला जवळचा किनारा म्हणतात.
मी शिरोलीहून निघाले. समुद्र कुठंच नव्हता.

कोगनोळीच्या पुढं फोननं राज्य बदलल्याचं कळवलं,
पाट्यांवरची अक्षरं गोल होत गेली.
टोलची पावती जपून ठेवली:
प्रवासखर्च, रकाना सहा.

वडगावात बोळाच्या टोकाला यंत्रमागाची जुनी शेड.
वर पत्रा, आत अकरा संगणक,
चपला बाहेर.
फरशीत मागांचे बोल्ट तसेच,
कापलेले, पण पायाला लागतील इतके वर.
'जपून हं,' सुवर्णा ढवळी म्हणाली,
'ते उपटायचा खर्च अजून कुठल्याच कामात बसला नाही.'

मी यादीप्रमाणे विचारत गेले.
वीज गेली तर?
'चार तास बॅटरी. मग प्रज्वलच्या मामाचं जनरेटर, डिझेल आमचं.'
माणूस सोडून गेला तर?
'जातात की. बंगळूर दुप्पट देतंय.
गेल्या वर्षी दोघं गेले.'
मी 'दोन' लिहिलं,
आणि कुठल्या रकान्यात लिहिलं ते बघत बसले.
'जाणाऱ्याला पंधरा दिवस नव्याच्या शेजारी बसवतो.
त्या पंधरा दिवसांचे पैसे दरात धरलेत.
बाकीचे धरत नाहीत. स्वस्त दिसतात.'

कोपऱ्यात अश्पाक मकानदार
आमच्या साठ्याच्या नमुन्यावर बसला होता.
आईशी फोनवर दखनी, प्रज्वलशी मराठी, सुवर्णाशी कन्नड,
आणि चूक सापडली की तिन्हींत मिळून पुटपुटणं.
मान वर न करता म्हणाला,
'मॅडम, नापास ओतीव मोडीत जातंय की परत भट्टीत?'

पुण्याच्या लोकांनी हे विचारलं नव्हतं.
त्यांनी धरून चाललं होतं.
आठ महिने आमच्या कागदावर
वितळून गेलेलं लोखंड गोदामात उभं होतं.

तरी शेवटी बोलायचं ते बोलले:
मालक म्हणतात, पंधरा टक्के कमी करा.

सुवर्णानं दराकडं नाही, फरशीकडं पाहिलं.
'इथं तिसऱ्या मागावर माझे आप्पा.
सूत व्यापाऱ्याचं, साडी व्यापाऱ्याची, मजुरी नगावर.
डाग पडला की कापून घ्यायचे.
डाग सुताचा की हाताचा, कोण बघालंय?'
मग कराराचं चौथं पान माझ्याकडं सरकवलं.
'कोड तुमचा. चूक आमची असली तर फुकट दुरुस्त.
सांगण्यात तुमची चूक असली तर ताशी दर.
तेवढं एक कलम राहू दे. दर एक टक्का खाली घेते.'
एक टक्का. आणि हसली नाही.

मला दर मार्चला येणारं पत्र आठवलं,
आमची ओतीवं घेणाऱ्या कंपनीचं:
पाच टक्के कमी करावेत, आपले नम्र.
मालक ते दोनदा वाचतात, मला बोलावतात.
गेल्या वर्षी आम्ही हातमोजे कमी केले.
आदल्या वर्षी दुपारचा चहा.

निघताना कुंद्याचा पुडा दिला तिनं.
लाच ठरायला नको म्हणून मी पैसे पुढं केले.
तिनं घेतले. पावती दिली.

तवंदी घाटात मालकांचा फोन. 'ताशी किती?'
आकडा सांगितला.
'पंधरा टक्के उतरवून?'
'नाही. एक.'
'मग जवळ जाऊन मिळालं काय?'
मी मोडीपासून सुरुवात केली, अश्पाकच्या प्रश्नापासून,
आणि तिसऱ्या वळणावर रेंज गेली.
पुढचं सगळं मी डोंगराला सांगितलं.

घरी येऊन पाहिलं तर
उजव्या अंगठ्याला बोल्ट लागलाच होता,
रक्त सुकलेलं.
तक्ता उघडला. सातही रकाने भरले होते.