कोमट

ऑर्नाने न्हाणीघरभर चिठ्ठ्या चिकटवल्या,
माझ्यासाठी, निळ्या शाईत,
खाली माझ्या लिपीत उच्चार.
बेरेझ म्हणजे नळ. किओर म्हणजे बेसिन.
आरशावरची मर्आ नेमकी माझ्या कपाळाच्या उंचीला,
म्हणून दोन दिवस केस विंचरताना
मीच आरसा.

ओर येहुदा, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
नजियाबाई एक्क्याण्णवच्या.
मी सोरोकाजवळच्या खेड्यातली आनिशोआरा,
शनिवारी चुलीवर पाणी तापायचं आमचं,
थोरल्यापासून धाकट्यापर्यंत तेच पाणी.
इथे ते छतावर ऊन तापवतं.
त्यालाही शब्द आहे: दूद शेमेश.
बटाट्यांची पिशवी घेऊन जिना चढताना घोकला.

मायिम, म्हणजे पाणी, त्याला एकवचनच नाही,
संध्याकाळच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या.
डोळ्यात एक थेंब गेला तरी तो अनेक.

सगळ्यात अडला पोशेर.
गरम आलं, थंड आलं, कोमट जिभेवर येईना.
ऑर्ना म्हणाली, तडजोडीला आम्ही पशारा म्हणतो,
त्याच घरातला आहे हा.
मग आला.
आता कोपर बुडवून विचारते: पोशेर?
नजियाबाई मान हलवतात,
की मान नुसतीच हलते, कोण जाणे.

हनुक्कानंतर त्या हिब्रूतून बाहेर पडू लागल्या,
एकेक कपडा उतरवावा तशा.
आधी कंगवा गेला.
टॉवेल पुढे करून मी म्हटलं, मागेवेत, अगदी स्पष्ट.
त्या म्हणाल्या, खाउली.
ऑर्ना दारात, हातात गोळ्यांचा डबा:
"बगदादचा शब्द. आजी म्हणायची.
मला तेवढाच येतो."

त्याची चिठ्ठी कोणी लिहिली नाही.

वाफेने डिंक सुटतो.
आज पाठ चोळताना भिंतीवरून सबोन घसरला,
टबात पडला,
स्टुलावर बसलेल्या त्यांच्या घोट्यांभोवती शाई पसरली.
त्यांनी माझ्या हातून शॉवर हिसकावला, 
"मय्य!" म्हणाल्या, आणि धरला सरळ माझ्या तोंडावर.
गार होतं. मी माझ्या आईच्या बोलीत ओरडले:
"आपं! आपं!"
हसताना त्यांचे दात किती थोडे, ते दिसलं.

नंतर फरशीवरचं पाणी मगावने जाळीकडे ओढलं.
मगाव, मागेवेत.
दोघांचं काम कोरडं करण्याचं,
हे मला कोणी शिकवलं नव्हतं.
चिठ्ठीचा लगदा जाळीत अडकला, बोटाने काढला,
आणि बाल्कनीत जाऊन
खाउली वाळत घातली.