भेदराचं बूड

वरून पाहिलं तर सरस.
उलटं केलं की बुडाला
रुपयाएवढा काळा डाग, चामड्यासारखा.
आणि आर्वीच्या बाजारात गिऱ्हाईक
भेदरं उलटं करूनच घेतं.

पुंजाराम म्हणाला, दृष्ट.
दुकानवाल्यानं अळीची बाटली दिली, साडेचारशेची.
अळी नव्हतीच.

मग मेश्रामांची रोशनी आली, कृषी शिकलेली.
मातीतून पांढरे खडे वेचून माझ्या हातावर ठेवले.
"काकू, चुना तं तुमच्या वावरात पोत्यानं हाये.
फळापर्यंत पोचत नाही, एवढंच."
पुंजारामनं खर्र्याची डबी पुढे केली : "घे, हा घाल."
ती हसली नाही.
"चुन्याले पाय नाहीत. पाण्याच्या पाठीवर बसून जाते.
अन् पाणी तिकडेच जाते, जिकडे ऊन ओढते.
पानं दिवसभर घाम गाळतेत, त्यायचं पोट भरते.
फळाची साल मेणाची, तिले घाम नाही.
थोडंसं येते, ते देठाशीच सरते.
बूड उपाशी."

"मग पानानं द्यावा की त्यातला!"
"पानात गेला तो गेला, काकू. परत फिरत नाही."

हे मात्र मला रात्रभर टोचलं.
तीन बाळंतपणांत माझ्या चार दाढा गेल्या.
सासू म्हणायची, लेकरू आईच्या हाडातून खाते.
आणि हे पान,
युरियानं माजलेलं, हिरवंकंच,
खाली पोटचं सडतंय तरी
मूठ उघडत नाही.
दोन दिवस मी त्या वाफ्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी वाटलं,
मी तरी कुठे मूठ उघडली होती?
माझ्यात वाट होती, त्याच्यात नाही.

आमची लाइन रात्री दोनला येते,
कधी तीन दिवस येतच नाही.
तीन दिवस भेग, मग एकदम चिखल.
पाण्याचीच खेप चुकली
तर चुना जाईल कोणाच्या पाठीवर?

युरिया थांबवला. बुडाशी सोयाबीनचं कुटार पसरलं.
डागाळलेल्यांची काळी बुडं कापून
लसूण घालून चटणी वाटली,
घरात कोणाला कळलं नाही.

आता दोनला उठते. थोडंच पाणी सोडते, पण चुकवत नाही.
टॉर्च लावत नाही.
नवी फळं लिंबाएवढी झालीत,
त्यांच्या खालून अंगठा फिरवते.
एक गुळगुळीत.
दुसरं गुळगुळीत.
तिसऱ्याशी अंगठा
जरा थांबतो.