बेबो

मुठीत धरल्यावर जो कुरकुरतो तो नर.
मादी गप्प राहते.
एवढं एकच शास्त्र माझ्या बापाला येत होतं,
बस्त्याव, वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात वॉर्डबॉय,
रात्री कंदील घेऊन मेरेमेरेने बेबे धरणारा.
घाटावर बेडूक म्हणतात, आम्ही बेबो.

डॉक्टरीणबाई बेब्याच्या पाठीत सुई टोचायची,
सुईत कुणा बाईची सकाळची पहिली लघवी.
तीन तासांनी काचेखाली बघायचं,
बेब्याचं बीज वळवळत असलं
तर बाईला दिवस गेलेत.
बाई तोवर तिथे नसायचीच.
ती शिरोड्याच्या मिठागरात, डोक्यावर पाटी.
आधी बेब्याला कळायचं, मग डॉक्टरणीला,
मग माझ्या बापाला, मग चिठ्ठी नेणाऱ्या दिराला,
सासूला, नवऱ्याला,
आणि कधीतरी, चुलीपाशी, तिला.

माझी बातमीही तशीच.
आई मरेपर्यंत ऐकवत होती,
"माज्या पोटातला माज्या आदी तुका कसा कळला रे?"
तो एक बेबो मात्र बापाने विहिरीपाशी नेऊन सोडला,
बाकीच्यांसारखा खिडकीतून फेकला नाही.

पुढे नळी आली. तळाशी तपकिरी कडं धरायचं दोन तासांत.
स्टँडवरून एसटी निघाली की टेबल हादरायचं,
कडं मोडायचं.
परत या.
म्हणजे परत सकाळ, परत बाटली पिशवीत लपवून
तीच एसटी.

आता मी मेडिकलच्या गल्ल्यावर बसते.
पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून देते, काही न विचारता.
कुणी म्हणतं बहिणीसाठी.
एकजण म्हणाली, मांजरासाठी.
आम्ही दोघीही हसलो नाही.

काल शेवंती कुबल आली, बाजार उठल्यावर,
बोटांना पेडव्यांची खवलं.
मागच्या मोरीची किल्ली मागितली.
पाच मिनिटं. नळाचा आवाज.
बाहेर आली, किल्ली ठेवली,
पट्टी कमरेच्या पिशवीत, नोटांच्या मध्ये.
चेहरा सकाळचाच,
गिऱ्हाइकाला शेवटचा भाव न सांगणारा.
"नळ गळता गो तुजो, फिलू," एवढंच म्हणाली
आणि गेली.

रात्री तो नळ बघायला गेले.
खाली ओलीत एक बेबो बसलेला.
का कोण जाणे, उचलला,
मुठीत धरून वाट बघितली.

गप्प.

मग तिला खाली ठेवलं,
नळ तसाच गळू दिला.