दोन बोटं पांढरं

तळं गेलं तेव्हा होड्या तशाच राहिल्या,
तोंडं पूर्वेला,
जणू कोणी आत्ताच उतरून काडेपेटी आणायला गेलंय.
एलियोदोरो त्यांच्यामधून चालतो,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
इथे कमरेइतकं होतं, तो सांगतो.
इथे छातीइतकं.
इथे मी बुडालो होतो, एकदा.

तिथेच आम्ही तिवई रोवली.

नऊ मीटर चिखल निघाला, मनगटाएवढ्या नळीत.
मी तो उभा चिरला, सुरी पुसत पुसत:
काळा, राखी, काळा, मग दोन बोटं पांढरं,
पुन्हा काळा.
त्याला म्हटलं, काळा म्हणजे खोल पाणी.
पांढरा म्हणजे हे, ज्यावर आपण उभे आहोत.
चुन्यात ऑक्सिजन असतो, हलका आणि जड.
ऊन हलकं पाणी आधी उचलतं,
जड मागे राहतं.
जे गेलं ते सापडत नाही, एलियोदोरो,
जे राहिलं त्यावरून
ऊन किती होतं ते काढायचं.
"म्हणजे माझ्यावरून," तो म्हणाला, आणि हसला.

मग चाळणीत धुतलं.
शेवाळाच्या मळसूत्री बिया, खसखशीहून बारीक,
आणि एक तपकिरी चोथा, नखाएवढा,
जो मी वहीत 'अनोळखी देठ' म्हणून लिहिणार होते.
त्याने तो बोटावर घेतला, उजेडात धरला,
आतली जाळी बघितली.
तोतोरा, म्हणाला. कोवळा.
याचा बुडखा सोलून खायचो आम्ही, गोड लागतो.
आणि जिभेला लावलासुद्धा,
मी हात पुढे करेपर्यंत.

नंतर ला पाझहून पत्र आलं: सहा हजार वर्षं.
त्या दुपारी त्याने एवढंच विचारलं,
ते दोन बोटं पांढरं, ते किती वर्षांचं?
अकराशे. साधारण.
आणि आपलं?
आपलं अजून कागदाइतकंही झालेलं नाही.
तो बराच वेळ होड्यांकडे बघत राहिला.

निघताना भोक बुजवायचं असतं.
त्याने खिशातून कोकाची तीन पानं काढली,
फुंकर घातली, आत सोडली.
मी म्हटलं, कुणी तरी पुन्हा खणेल,
आणि लिहील की या उंचीवर, या गारठ्यात
कोकाची शेती होती.
"लिहू दे."
चौथं पान त्याने स्वतःच्या गालात ठेवलं.

परतताना तोच क्रम, उलटा.
इथे छातीइतकं.
इथे कमरेइतकं.
मग काठ आला, म्हणजे जिथे असायचा तिथे,
आणि त्याने वाकून
पँटच्या दुमडी खाली सोडल्या.