दर चार सेकंदांनी

साकीनाक्याचा गाळा, दुसरा मजला. टेबलावर
तान्ही बाळं तोलायचा काटा, पोट उघडं,
आणि स्कोपच्या हिरव्या रेषेवर
एक कुसळ.
दिसलं म्हणेपर्यंत नाही.
मग पुन्हा.

फुलझेले बाई म्हणाल्या, चाळीस नग शुक्रवारी जायचेत.
म्हटलं, जातील. आधी हे निघू दे.

पहिला संशय पन्नास हर्ट्झवर, घरचाच भेदी तो.
पण तो गुणगुणतो. हे टोचत होतं.
ट्यूब काढली, पंखा बंद केला,
काटा बॅटरीवर घेतला, घामाच्या धारा लागल्या.
निमिषचा मोबाइल डब्यात, डबा कपाटात,
कपाट ढकलून पॅसेजमध्ये,
यात शास्त्र कमी, वैताग जास्त.
कुसळ जागच्या जागी.

वरच्या मजल्यावर मन्सूरभाईंचं भरतकामाचं मशीन, बारा सुयांचं.
जिना चढून गेले. दहा मिनिटं थांबवाल?
आवाज येतोय.
ते हसले. मॅडम, मशीन आहे, आवाज तर येणारच.
कानाला येतो तो नाही, म्हटलं.
थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले,
मग खटका पाडला.
बारा मोर, बाराही माना अर्ध्या.
दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले.
होतं. तिथंच होतं.

कुडाळकर सर सांगायचे,
नॉइज म्हणजे पत्ता न लागलेला सिग्नल.
आम्ही वहीत उतरवून घेतलं.
परीक्षेला आलं नाही.

तिसऱ्या रात्री एकटीच मोजत बसले.
एक, दोन, तीन, चार, कुसळ.
एक, दोन, तीन, चार.
इतकं नेमकं कोण वागतं या इमारतीत?
पाणीसुद्धा वेळेवर येत नाही.

डबा घेऊन गच्चीवर गेले.
टाक्यांच्या पलीकडे, विमानतळाच्या अंगाला
ते फिरत होतं, संथ, जात्यासारखं,
कुणी खुंटा धरलेला नसताना.
सवयीनं मोजलं.
चार.
घास हातातच राहिला.

आता त्याला काय सांगणार,
दहा मिनिटं थांबवाल?
आभाळात माणसं होती, त्यांच्या जेवणाच्या ताटांसकट.

खाली येऊन मग ते केलं
जे पहिल्या दिवशी पहिल्या मिनिटाला करायचं असतं:
प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंडला टेकवलं.
काट्याशी संबंध नाही. कुणाशीच नाही.
रेषा सपाट यायला हवी.
कुसळ.

तर हे माझ्याच हातात होतं.
प्रोबची वीतभर काळी तार, टोकाला चिमटा,
तिचं ते सैल वेटोळं
तीन दिवस कान लावून बसलेलं विमानतळाकडे.
लोकांच्या गाळ्यातलं कुसळ शोधत हिंडले,
मुसळ मुठीत धरून.
काटा बिचारा पोट उघडं टाकून पडलेला, निर्दोष.

तार काढून टाकली.
जुन्या पेनातली स्प्रिंग टोकाला खोचली, नखाएवढी.
रेषा निवली.
अगदी सरळ नाही, जराशी केसाळ, वातीसारखी.
ती रेझिस्टरची आपली ऊब.
तिला कुठं घालवणार.

रजिस्टरमध्ये लिहिलं: नग चाळीस, ठीक.
'उशिराचं कारण' या रकान्यापाशी
पेन चालेना. स्प्रिंग नव्हती त्यात.

सकाळी वर गेले सांगायला, की ते तुम्ही नव्हतात.
मोर केव्हाच गेले होते कांदिवलीला.
एक तेवढा नमुना म्हणून ठेवलेला.
मन्सूरभाईंनी बोट ठेवलं त्याच्या मानेवर,
जिथं मशीन थांबलं होतं तिथं
एक टाका किंचित बाहेर.
शोधल्याशिवाय दिसत नाही, म्हणाले.

मला आधी तोच दिसला होता.