शून्याचं टोक

फीत गुंडाळलेली होती तिच्या मनगटावर,
बांगडीसारखी.
थुरैया नाव, बलदियाचं ओळखपत्र गळ्यात,
वय माझ्या पुतणीएवढं.
म्हणाली, शून्याचं टोक धर.
मी शाळेच्या फाटकाशी ओणवा झालो,
तापल्या लोखंडावर अंगठा दाबून,
आणि ती निघाली आमच्या बकाल्याकडे,
अबाया सावरत, आकडे पुटपुटत.

सोहारमध्ये सकाळी नऊला
सावली असते ती विजेच्या खांबाची,
तीही बोटभर.

दोनदा मोजलं.
दुसऱ्यांदा मीच सुचवलं,
भिंतीला लागून मोज, कोपऱ्यावर वळसा घे,
जरा वाढेल.
ती हसली. फितीला वळसा माहीत नाही, म्हणाली.
अकरा पावलं कमी भरली.

मालक मोईदूनं कॅल्क्युलेटर ओढला,
महिन्याचे रियाल मांडले, पुसले, परत मांडले,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जशी ती शाळा मीच तिथं बांधली.

संध्याकाळपर्यंत काउंटरमागचं कपाट रिकामं.
त्यावर पडदा तर आधीच आला होता,
पडद्याआधी दर चढले होते,
त्याही आधी सुटी विकणं बंद.
एकेक करून, आवाज न करता,
जशी लहान मुलाच्या मुठीतून
कात्री सोडवून घेतात.

सुटी. एक. पंचवीस पैशांना.
खेडला शाळेसमोर अब्बांची टपरी होती.
मधल्या सुट्टीची घंटा
टपरीतच वाजल्यासारखी वाटायची.
नझीर, माझा थोरला, दप्तर ठेवायला यायचा
आणि एक घेऊन जायचा.
अब्बा बघायचे.
म्हणायचे, मिशी फुटली की सगळेच ओढतात.
खांबाला सुतळी टांगलेली, टोक दिवसभर पेटतं,
कुणालाही सहज वाकून घेता यावं एवढ्या उंचीवर.
कुणालाही म्हणजे,
सातवीतल्या पोरालासुद्धा वाकावं लागायचं नाही.

नझीर आता पाच शब्दांचं वाक्य
दोन हप्त्यांत बोलतो.
मी पैसे पाठवतो.
इथं नऊ वर्षं मी काय विकून पाठवतो
ते त्यानं कधी विचारलं नाही.

कपाटात आता वह्या आहेत, कंपासपेट्या,
एक पृथ्वीचा गोल, तो कुणी घेत नाही.
हमदान आला शाळा सुटल्यावर,
गोलाच्या मागे मान घालून पाहिलं त्यानं.
खलास, म्हटलं.
मग कुठं?
पेट्रोल पंपाच्या पलीकडे. तिथं कार्ड बघतात.
तो दारात उभा राहिला.
बाहेर चव्वेचाळीस. रस्ता पांढराफटक,
पंप नुसता हलताना दिसत होता.
मुठीतले बैसे मोजले त्यानं
(आपल्या पैशाचाच चुलतभाऊ, समुद्रापलीकडचा),
परत मोजले,
आणि लबनची बाटली घेतली, मिरचीवाले चिप्स घेतले,
माझ्याकडे न बघता.

मी बोललो काहीच नाही. बोलणारा मी कोण.
कायद्याला तरी उपदेश कुठं येतो,
त्याला एवढंच जमतं,
थोडं लांब ठेवायचं, थोडं महाग, थोडं नजरेआड.
उरलेलं ऊन बघून घेतं.
डिसेंबरात काय होईल ते माहीत नाही.
डिसेंबरात इथली हवा चालायला फार छान असते.

रात्री शटर ओढलं तेव्हा कळलं
अंगठ्यावर फोड आलाय.
नझीरला फोन लावला.
आज काय केलंस, त्यानं विचारलं.
शाळेपासून दुकान मोजलं.
किती भरलं?
अकरा पावलं कमी.
बराच वेळ तिकडून नुसता श्वास.
मग म्हणाला, आपली टपरी
(थांबला)
कुणी मोजलीच नाही.

आणि लाइन खरखरली,
की त्याला खोकला आला असेल.
एवढ्या लांबून दोन्ही सारखंच ऐकू येतं.